शेवटच्या घटकातून बाहेर : विषय शिकवताना स्त्री-पुरुष समतेचं भान

आपल्या विद्यापीठांतल्या तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, समाजशास्त्र या विषयांचे अभ्यासक्रम उघडून पाहिले, की 'स्त्रीवाद' बहुतेक वेळा शेवटच्या घटकात भेटतो. तोवर सत्र संपत आलेलं असतं, तासिका कमी पडलेल्या असतात आणि परीक्षा तोंडावर असते. मग उदारमतवादी, मार्क्सवादी आणि जहाल अशा तीन प्रवाहांच्या व्याख्या दोन तासांत लिहून दिल्या जातात आणि विद्यार्थी त्या टिपेसाठी पाठ करतात. आधीच्या तीन घटकांत शिकलेल्या विचारवंतांना या शेवटच्या घटकाने काही अवघड प्रश्न विचारले आहेत, याचा वर्गाला पत्ताच लागत नाही.

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांवर शिकवणारे शिक्षक, अभ्यास मंडळांचे सदस्य, पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या मुली यांच्यासाठी हा लेख आहे. स्त्रीवादी तत्त्वज्ञान स्वतंत्र घटक म्हणून जरूर शिकवावं, पण त्याचं खरं काम पहिल्या घटकापासूनच सुरू व्हायला हवं, असं मला वाटतं. त्यातलं निम्मं काम अभ्यासक्रमाच्या कागदावर होतं आणि निम्मं विभागाच्या रोजच्या कारभारात.

वर्ग तर केव्हाच बदलले आहेत. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या. शिक्षकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण त्या वर्षी सुमारे ४३ टक्के होतं. म्हणजे बाकांवर मुली जवळजवळ निम्म्या आहेत, स्टाफरूममध्येही बऱ्यापैकी आहेत. संदर्भग्रंथांच्या यादीत, चर्चासत्राच्या बीजभाषणात आणि अभ्यास मंडळाच्या अध्यक्षपदी मात्र त्या तेवढ्या दिसत नाहीत. ही दरी आपोआप भरत नाही.

वाद जिथे झाला, तिथेच शिकवा

सुरुवात देकार्तपासून करू, कारण आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा पेपर त्याच्यापासूनच सुरू होतो. मन आणि शरीर ही दोन पूर्णपणे वेगळी द्रव्यं आहेत, हे त्याचं मत आपण फळ्यावर मांडतो. मग 'टीका' असं उपशीर्षक देऊन दोन-तीन आक्षेप सांगतो. त्यांतला सर्वांत नेमका आक्षेप १६४३ च्या मे महिन्यात एका पत्रातून देकार्तकडे पोहोचला होता. पत्र लिहिणारी होती बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. कुटुंबाचं राज्य गेलेलं, वास्तव्य हॉलंडमध्ये, वय २४. आत्मा जर निव्वळ विचार करणारा असेल आणि त्याला विस्तारच नसेल, तर तो शरीराला ढकलतो कसा, असं तिने विचारलं. ढकलायचं म्हणजे स्पर्श हवा, आणि स्पर्शासाठी विस्तार हवा. देकार्तने वजनाचं उदाहरण देऊन उत्तर दिलं, पण तिचं समाधान झालं नाही. अमूर्त गोष्ट शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असं मानणं मला सोपं वाटतं, असं तिने उलट कळवलं. हा पत्रव्यवहार देकार्तच्या अखेरपर्यंत चालू राहिला. १६४४ चा 'तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे' हा ग्रंथ त्याने तिलाच अर्पण केला आणि भावनांवरचं त्याचं १६४९ चं पुस्तक याच पत्रव्यवहारातून आकाराला आलं.

हे शिकवायला वेगळा घटक लागत नाही आणि जादा तासिकाही लागत नाही. देकार्तवरच्या दुसऱ्या तासाला एलिझाबेथच्या त्या पहिल्या पत्राचा मराठी सारांश अर्ध्या पानात लिहून न्या, वर्गात वाचून दाखवा आणि विद्यार्थ्यांना एवढंच विचारा, की देकार्तच्या जागी तुम्ही असता तर काय उत्तर दिलं असतं? वर्गातली चर्चा बदलते, कारण आक्षेपाला आता माणूस मिळालेला असतो. आणि तत्त्वज्ञानाच्या ऐन गाभ्यातल्या प्रश्नावर एका तरुण स्त्रीने केलेला युक्तिवाद विद्यार्थिनींच्या कानावर पडतो. 'स्त्रियांचे प्रश्न' या मथळ्याखाली न आलेला हा युक्तिवाद असतो, म्हणून तो मोलाचा.

हीच रीत इतर विषयांत चालते. बी.एड.ला रूसोचा 'एमिल' शिकवला जातो. निसर्गाच्या सान्निध्यात, स्वतःच्या अनुभवातून शिकणारा मुलगा म्हणून आपण एमिलचं कौतुक करतो. १७६२ च्या त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात सोफी येते आणि तिचं शिक्षण एमिलला शोभेल अशी बायको घडवण्यासाठी आहे, हे वर्गात बहुधा सांगितलं जात नाही. मेरी वोलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवरच्या ग्रंथात रूसोचा नाव घेऊन समाचार घेतला. दोघांना एकाच आठवड्यात शिकवा. भावी शिक्षकांपुढे 'मुलगी कशासाठी शिकते' हा प्रश्न उभा राहण्याची याहून चांगली संधी नाही.

शैक्षणिक मानसशास्त्रात कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या पाठ करून घेतल्या जातात. त्याच्या मूळ अभ्यासात सगळे मुलगेच होते, हे किती टिपणांत लिहिलेलं असतं? कॅरोल गिलिगनने १९८२ च्या आपल्या पुस्तकात नेमकं त्यावर बोट ठेवलं. मुलग्यांवरून बेतलेल्या मोजपट्टीने मुली मोजल्या, तर त्या कमी भरणारच. गिलिगनच्या निष्कर्षांवरही पुढे बरीच टीका झाली आहे, तीही सांगावी. पण 'नमुना कोणाचा घेतला होता' हा प्रश्न एकदा विचारायची सवय लागली, की विद्यार्थी तो पुढच्या प्रत्येक संशोधनाला विचारतो. सांड्रा हार्डिंगसारख्या स्त्रीवादी विचारवंतांनी विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात नेमकी हीच सवय रुजवली: प्रश्न कोणी निवडला, पुरावा कोणाचा धरला, कोणाच्या अनुभवाला अपवाद म्हणून बाजूला सारलं.

अर्थशास्त्राच्या शिक्षकांच्या हाताशी तर सरकारी आकडेच आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं बिनमोलाच्या घरकामाला देत होत्या, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. राष्ट्रीय उत्पन्न शिकवताना त्याच तासाला हा आकडा फळ्यावर लिहा आणि हे पाच तासांचं काम कोणत्या रकान्यात जातं, ते वर्गाला शोधू द्या.

आपल्या मातीतले ग्रंथ

ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये प्रसिद्ध झालं. सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतिमत्तेवर शेरेबाजी सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्या शेरेबाजीला उत्तर दिलं. जे अवगुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत आहेत की नाहीत, हे एकेक अवगुण घेऊन त्यांनी तपासलं. ही तपासणी युक्तिवादाच्या अंगाने वाचली, तर नीतिशास्त्राच्या पेपरात दुहेरी मापदंडाचं याहून नेमकं उदाहरण मराठीत सापडणार नाही. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत. तरीही आज ते मराठी साहित्याच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदापुरतं येतं आणि आधुनिक भारतीय राजकीय विचारांच्या पेपरात फुल्यांच्या शेजारी क्वचितच बसतं. त्याला तिथे बसवणं हे अभ्यास मंडळाच्या एका बैठकीचं काम आहे.

मुक्ता साळवे यांचा निबंध त्याहून आधीचा, १८५५ चा. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकारच नाही त्यांचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न धर्माच्या तत्त्वज्ञानाचा आहे. आपण तो समाजसुधारणेच्या इतिहासात नोंद म्हणून वाचतो. धर्म कशाने ठरतो, ग्रंथाने, आचाराने की अधिकाराने, या चर्चेत तो ठेवून बघा.

मुक्ताबाईंचं नाव मुद्दाम घेते आहे. यादीत स्त्रियांची भर घालताना आपला हात सहज उच्चवर्णीय, शहरी नावांकडे जातो, आणि मग एक वगळणूक दूर करताना दुसरी पक्की होते. शर्मिला रेगे यांनी १९९८ च्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'तल्या निबंधात हेच बजावलं होतं. दलित स्त्रिया वेगळं बोलतात असं म्हणून त्यांना कोपऱ्यात बसवू नका, तिथून साऱ्या स्त्रीवादालाच नव्याने विचार करावा लागतो, असा त्यांचा रोख होता. २००६ च्या ग्रंथात त्यांनी दलित स्त्रियांची आत्मकथनं ज्ञानाचा स्रोत म्हणून वाचून दाखवली. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' मराठीच्या वर्गापुरतं ठेवू नका, समाजशास्त्राच्या वर्गात न्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवरचं पुस्तक इतिहासाच्या संशोधन-पद्धतीच्या पेपरात चपखल बसतं. दस्तऐवज नसलेल्या माणसांचा इतिहास कसा गोळा करायचा, ते त्यातून शिकता येतं.

इथे संदर्भ देण्याच्या रीतीबद्दल एक लहानशी सूचना. विद्यार्थ्यांना पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव लिहायला लावा. 'रेगे म्हणतात' एवढंच लिहिलं, तर तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे मे. पुं. रेगे येतात, शर्मिला रेगे येत नाहीत. जी. ई. एम. अॅन्सकोम हे नाव वाचून ती एलिझाबेथ आहे, हे कळायला मार्ग नाही. १९५८ च्या तिच्या एका निबंधाने सद्गुणांचं नीतिशास्त्र पुन्हा चर्चेत आणलं. रुळांवरच्या गाडीचं ते प्रसिद्ध कोडं, पाच जणांना वाचवायला एकाचा जीव जाऊ द्यावा का, ते १९६७ मध्ये फिलिपा फूटने मांडलं. कोडं सगळ्यांना ठाऊक असतं, तिचं नाव थोड्यांना. 'आमच्या विषयात बायकांनी फारसं लिहिलंच नाही' असं म्हणणाऱ्यांनी आधी आपण ज्यांचे युक्तिवाद रोज वापरतो त्यांची पूर्ण नावं शोधावीत.

निमंत्रणपत्रिका हातात घ्या

तुमच्या महाविद्यालयात गेल्या वेळी झालेल्या चर्चासत्राची निमंत्रणपत्रिका काढा आणि पेन घेऊन बसा. उद्घाटक, अध्यक्ष, बीजभाषक, सत्राध्यक्ष या नावांपुढे स्त्री की पुरुष अशी खूण करा. मग सूत्रसंचालन, स्वागतगीत, परिचय, आभार या नावांपुढे करा. रांगोळी, दीपप्रज्वलनाची तयारी आणि पाहुण्यांचा चहा यांची नावं पत्रिकेत नसतात. ती आठवून समासात लिहा. जे चित्र दिसेल ते कुणा एकाच्या वाईट हेतूने तयार झालेलं नसतं. 'मॅडमचं सूत्रसंचालन छान होतं' म्हणून दरवर्षी तेच काम त्यांच्याकडे जातं, निबंध वाचायला त्यांना वेळ उरत नाही, आणि पदोन्नतीच्या वेळी गुण मिळतात ते निबंधाला.

यावर उपाय कारभाराचे आहेत. वक्त्यांची पहिली यादी करतानाच तिच्यात स्त्रिया असाव्यात. पुरुषांची नावं नक्की झाल्यावर 'एखाद्या मॅडमनाही बोलवू' असं ठरलं, तर त्या शेवटच्या सत्रात, जेवणानंतर आणि 'महिला व...' अशा विषयावरच बोलतात. निमंत्रण पुरेसं आधी द्या. एखादीने नकार दिला तर तिलाच त्या विषयातली आणखी दोन नावं विचारा. लांबच्या गावाहून येणारीला तान्हं मूल असेल, तर सोबत येणाऱ्या माणसाची राहण्याची सोय आपणहून विचारा. मानधन सर्वांना सारखं ठेवा. सूत्रसंचालन, आभार, नाश्ता, रांगोळी यांची पाळी लावा आणि ती पुरुष सहकाऱ्यांपासून सुरू करा. ३ जानेवारी आणि ८ मार्चच्या कार्यक्रमांची जबाबदारीही विभागातल्या सर्वांवर सोपवा, कारण सावित्रीबाई फुले यांची जयंती ही केवळ बायकांची जयंती नाही.

वर्गात कोणाचं ऐकलं जातं

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर हिने २००७ च्या आपल्या ग्रंथात ज्ञानाच्या व्यवहारातल्या अन्यायाची मांडणी केली. ऐकणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह असला, की बोलणाऱ्याच्या म्हणण्याला मिळायला हवी तेवढी विश्वासार्हता मिळत नाही, आणि हे त्या व्यक्तीला जाणती माणूस म्हणून कमी लेखणं आहे. वर्गात हे रोज घडतं. मुलगी मुद्दा मांडते, सर मान हलवतात. थोड्या वेळाने मुलगा तोच मुद्दा मोठ्याने सांगतो आणि सर तो फळ्यावर लिहितात. शिक्षकाने तिथल्या तिथे 'हा मुद्दा आधी तिने मांडला होता' असं नाव घेऊन म्हटलं, तर पाच सेकंदं लागतात आणि वर्गाला एक शिस्त लागते.

प्रश्न विचारल्याबरोबर जो पहिला हात वर होतो त्याला बोलू देऊ नका. सगळ्यांना दोन मिनिटं वहीत उत्तर लिहू द्या, मग कुणालाही वाचायला सांगा. ज्या मुली घरी आणि गावात चारचौघांत न बोलण्याचे धडे घेऊन आलेल्या असतात, त्यांना लिहिलेलं वाचणं जमतं. तिथून पुढे बोलणं जमतं. तालुक्याच्या ठिकाणी मुलींची शेवटची बस दुपारीच असते, तेव्हा अभ्यासगट आणि वादविवादाचा सराव संध्याकाळी पाचला ठेवू नका. ट्रान्स विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या नावाने त्यांना हाक मारा.

संशोधनाची वाट

पीएच.डी.ला नाव नोंदवणाऱ्या मुलींनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम स्वतः वाचावेत. कमाल सहा वर्षांच्या मुदतीनंतर फेरनोंदणीने आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि स्त्री संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, एकूण दहा वर्षांच्या मर्यादेत. संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदललं, तर अटी पाळून संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेता येते. मार्गदर्शकांनी हे पहिल्याच भेटीत सांगावं. नियम माहीत नसल्यामुळे काम अर्धवट सोडणं ही सर्वांत टाळता येण्याजोगी हानी आहे.

मार्गदर्शकांनी भेटी विभागात, ठरलेल्या वेळी घ्याव्यात. क्षेत्रकार्याचं गाव, मुक्काम आणि प्रवास यांची चर्चा प्रस्तावाच्या वेळीच करावी. निवडीच्या मुलाखतीत 'लग्न झाल्यावर पुढे कराल का' हा प्रश्न विचारूच नये. सहकाऱ्याने विचारला तर त्याला थांबवावं. शिफारसपत्र पाठवण्याआधी एकदा वाचून बघावं. मुलींच्या पत्रात मेहनती, नम्र, मनमिळाऊ आणि मुलांच्या पत्रात स्वतंत्र विचारांचा, मूलगामी असे शब्द पडले आहेत का? तिच्या प्रबंधातला नवा मुद्दा कोणता, हे त्या पत्रात नेमकं लिहिलेलं हवं.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीविषयी थोडक्यात. २०१३ चा कायदा आणि उच्च शिक्षण संस्थांसाठीचे २०१५ चे अनुदान आयोगाचे नियम यांनुसार ही समिती प्रत्येक संस्थेत असायलाच हवी. अध्यक्षपदी ज्येष्ठ स्त्री प्राध्यापक, बाहेरचा एक सदस्य आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करावी लागते आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. चौकशीला ९० दिवस आहेत. समितीची नावं आणि फोन नंबर सूचनाफलकावर आहेत का, ते आजच पाहा.

'गुणवत्तेचं काय?'

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. गुणवत्ता पहिल्या दिवशी होती तेवढीच होती. ती बघणारे डोळे बदलायला वेळ लागला. दारातून परत गेलेल्या इतर कितीजणींची गुणवत्ता आपल्याला कधी कळलीच नाही, हा या गोष्टीतला जड भाग आहे.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञांकडून येतो: बुद्धीला लिंग नसतं, मग हा खटाटोप कशाला? बुद्धीला लिंग नसावं हे मलाही मान्य आहे. पण ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ जेनेव्हीव्ह लॉइड हिने १९८४ च्या ग्रंथात दाखवलं, की पाश्चात्त्य परंपरेत बुद्धीची कल्पनाच स्त्रीत्वाशी जोडलेल्या गोष्टी मागे टाकत घडत गेली. अॅरिस्टॉटलने स्त्रीच्या विचारशक्तीला अधिकार नाही, असं 'राज्यशास्त्रा'त लिहिलं. हे वाक्य गाळून अॅरिस्टॉटल शिकवला, तर आपण त्याला वाचवत नाही, विद्यार्थ्यांपासून पुरावा लपवतो. सांगा, आणि मग त्याच्याच तर्काने ते विधान तपासायला लावा.

महाराष्ट्रात सध्या नव्या शैक्षणिक धोरणानुसार जवळजवळ सगळेच अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. एकदा मंजूर झालेला अभ्यासक्रम पुढची काही वर्षं हलत नाही, म्हणून ही वेळ दवडू नका. अभ्यास मंडळावर असाल तर पुढच्या बैठकीला तुमच्या पेपरातल्या प्रत्येक घटकासाठी एका स्त्रीचा एक निबंध किंवा एक प्रकरण, पानांच्या क्रमांकांसह, 'आवश्यक वाचन' या सदराखाली सुचवा. 'अधिक वाचन' या सदरात घातलेलं कुणी वाचत नाही. मंडळावर नसाल तर तीच यादी लेखी स्वरूपात अध्यक्षांकडे द्या आणि पोच घ्या. विद्यार्थिनींनो, तुमच्या विषयातली एक लेखिका या सत्रात पूर्ण वाचा आणि अंतर्गत परीक्षेच्या प्रकल्पासाठी तिचंच नाव द्या.